सोललेली मोटार

जुन्या मोटारींचा विषय निघाला की माझी नातवंडं कान टवकारून बसतात. आपल्या आजोबांनी एक मोडकी मोटार घेतली, ती सोलून काढली आणि खोपोलीहून घाट चढवला, एवढं त्यांनी कुठूनतरी ऐकलंय. त्यांना त्यात मर्दुमकी दिसते. मला मात्र त्या मोटारीचं नाव काढलं की आधी कंबर आठवते. दिवसभर शेडमध्ये वाकायचं, मग घरी येऊन मोटारीखाली आडवं व्हायचं, असं सहा-सात महिने चाललं होतं. त्या वर्षी मी जेवढा दमलो तेवढा पुन्हा कधी दमलो नाही. आणि दमलेला माणूस काय काय करतो, खरं तर काय काय करत नाही, हे सांगायचं म्हणून लिहायला बसलोय.

मी तेव्हा लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये फिटर होतो. गाव औंढे, घरची भातखाचरं, बायको, तीन पोरं आणि वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. एकोणीसशे तिसाच्या आगेमागे घाटात विजेची इंजिनं आली आणि बघता बघता शेडमधला धूर निम्म्यावर आला. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी आमची वाफेची इंजिनं एकेक करून दुसरीकडे गेली, आणि इंजिनं गेल्यावर माणसांचं तरी काय काम? तरणे होते ते राहिले, वय झालेले घरी बसले. मी तरणा होतो. माझे मिस्त्री घरी बसले.

मिस्त्री लोणावळ्याचेच, भांगरवाडीकडे राहणारे मुसलमान. उंच, वाळके, पांढरी दाढी, आणि कितीही धुतला तरी काळाच राहणारा हात. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. छिन्नी कशी धरायची हे त्यांनी शिकवलं, आणि चुकीची धरली की हातोडीच्या दांड्यानं बोटावर टिचकी कशी बसते तेही शिकवलं. मी चिडायचो, मनातल्या मनात शिव्या द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी तसंच धरून दाखवायचो जसं त्यांना हवं असायचं. त्यांना मूल एकच, मुलगी, ती कल्याणला दिलेली. जावई तिकडे येऊन राहा म्हणून मागे लागला होता. मिस्त्रींना ते नको होतं.

"जावयाच्या दारात बसून भाकर खायची व्हय?" ते म्हणायचे. "पयल्या दिवशी मिस्त्री, दुसऱ्या दिवशी सासरा, आन तिसऱ्या दिवशी म्हातारा."

अशात एका उन्हाळ्यात वलवणला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेठनी पाण्याचा पंप दुरुस्त करायला त्यांना बोलावलं. शेठ दिवाळीला, नाताळात आणि उन्हाळ्यात यायचे. त्यांच्या शेजारच्या बंगलेवाल्यानं नवीकोरी लांबलचक मोटार घेतली होती, आणि ती खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाण्यासाठी कुठंही न थांबता घाट चढते असं तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत होता. शेठचं डोकं फिरलं. कुठलीतरी जुनी मोटार घेऊन मी तुला हरवून दाखवतो, येत्या नाताळात, असं ते बोलून बसले. मिस्त्री पंपाशी उकिडवे बसले होते, त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "करतो की."

शेठ हसले. मग मात्र त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. मोटार त्यांची, खर्च त्यांचा, आणि ती पहिली आली तर हमरस्त्यालगतच्या आपल्या मोकळ्या जागेत मिस्त्रींना पत्र्याची शेड घालून देणार. मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप, मिस्त्रींचं स्वतःचं. नाही आली, तर मिस्त्रींनी कल्याणचं तिकीट काढायचं, हे शेठ बोलले नाहीत, पण मिस्त्रींना ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच संध्याकाळी मिस्त्री इंजिन शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले. मला मोटार चालवता यायची, एका ठेकेदाराच्या खडीच्या लॉरीवर शिकलो होतो. बाकी मोटारीतलं दोघांनाही बेताचंच कळत होतं. मी तसं म्हटलं.

"आरं, मोटार म्हंजे काय? ल्हानसं इंजिन. वाफ न्हाई, येवढंच," ते म्हणाले.

नाही म्हणणं मला जमलं नाही. मला त्यांना नाही म्हणायची सवयच नव्हती.

मग मोटार शोधायला निघालो. खंडाळ्यात एका बंगल्याच्या मागं एक मोठी बंद मोटार उभी होती, आत मखमल, खिडक्यांना पडदे. मला ती आवडली. मिस्त्रींनी तिच्याभोवती फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "ही वरातीची. घाटात निजल." पुण्यातून कुणीतरी विकायला आणलेली दुसरी एक लाल मोटार पाहिली. तिचा रंग इतका ताजा होता की मिस्त्रींनी रंगाखाली काय लपवलंय ते बघायला नख लावलं, आणि मालक भांडायलाच उठला. चार रविवार असे गेले. शेवटी सोमाटण्याला एक पिठाची गिरणी मोटारीवर चालते असं कुणीतरी सांगितलं.

ते खरंच होतं. छपराखाली एक जुनी उघडी मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली, मागच्या एका चाकाचं टायर काढलेलं, त्या चाकावरून पट्टा जात्याला लावलेला, आणि इंजिन धडधडतंय. पुढच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. गिरणीवाला म्हणाला, चार वर्षं झाली, रोज चालते, एक दिवस बंद नाही. मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं, हँडल घालून स्वतः दोनदा फिरवलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. रोज राबून जे इंजिन टिकलं ते घाटात दगा देणार नाही, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला. शेठच्या पैशात तेलाचं नवं इंजिन घेता येणार म्हणून गिरणीवाला खूश होता. त्याची बायको मात्र मोटार ओढून नेताना दारात उभी राहून आम्हाला बोल लावत होती. तिची कोंबडी बिथरली होती.

मोटार आमच्या औंढ्याच्या गोठ्यात आणली. दुसरीकडे जागा नव्हती. म्हैस बाहेर आली, आणि तिथून पुढचे सहा महिने माझ्या घरात शांतता म्हणून राहिली नाही. "म्हस भिजती आन मोटार कोरडी!" बायको येताजाता म्हणायची. आबा म्हशीच्या पाठीवर पोतं टाकताना मला दिसेल असं टाकायचे.

पहिलं काम सोलायचं. घाट चढायचा तर वजन उतरवायला हवं. हूड काढलं, काच काढली, चारही दारं काढली, मडगार्ड काढले, मागची सीट काढली. एवढं काढल्यावर उरलं काय तर चार चाकं, एक इंजिन आणि बसायला एक फळी. गावातली माणसं येऊन बघून जायची. त्यांनीच तिला सोललेली मोटार हे नाव दिलं. मागची सीट आबांनी ओसरीवर टाकली आणि तिच्यावर ते पाटलासारखे बसू लागले. म्हशीची भरपाई त्यांनी अशी वसूल केली.

मग इंजिन. ते उघडलं तर सगळीकडे पीठ. चार वर्षांचं ज्वारी-बाजरीचं पीठ तेलात मळून प्रत्येक कपारीत बसलेलं. ते खरवडून काढायलाच आठवडा गेला. इंजिनाचा जोर वाढवायचा तर आतली जागा कमी करायची, म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासायचं ठरलं. आजकाल मशीनवर होतं ते. आम्ही शेडच्या पद्धतीनं केलं. सपाट लोखंडी पाट्याला निळा रंग लावायचा, हेड त्याच्यावर फिरवायचं, जिथं रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा, परत रंग, परत फिरवणं. असं किती वेळा? मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर सोडून दिलं असतं. पंधरा-वीस दिवस आमचं तेच चाललं होतं. माझे खांदे भरून यायचे. मिस्त्री माझ्या दुप्पट वयाचे, पण ते थांबायचे नाहीत, म्हणून मलाही थांबता यायचं नाही. याचा मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा वाटायचं की हा म्हातारा एकदाचा कल्याणला जाईल तर बरं.

एका मोठ्या मोडीत गेलेल्या मोटारीचा कार्बोरेटर बसवला. धूर जायला सरळ तांब्याची नळी काढली. ती सुरू झाली की रस्त्यावरचे बैल उधळायचे आणि गाडीवान आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पाणी उकळू नये म्हणून जास्तीची टाकी बसवली. प्रत्येक नटाला पिन, प्रत्येक तुकड्यावर ठोकलेला आकडा. रेल्वेतल्या माणसांनी केलेली मोटार ती, दुसरं कसं होणार?

आणि शेवटी वाळूच्या पेट्या. रेल्वेच्या इंजिनाला वाळूची पेटी असते. चढावर रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, गाडी हलत नाही. तेव्हा ड्रायव्हर दांडा ओढतो, चाकापुढं रुळावर वाळू पडते, चाक तिला धरतं आणि गाडी चढते. आमच्या घाटात तर वाळूशिवाय पान हलायचं नाही. मी शेडमध्ये लागलो तेव्हा माझं पहिलं काम वाळू भाजायचंच होतं. ओली वाळू नळीत अडकते, म्हणून भट्टीवर कोरडी करायची. मिस्त्रींचा वाळूवर फार जीव. पावसाळी घाटात वाळूनं किती गाड्या चढवल्या हे ते अशा थाटात सांगायचे की जणू त्यांनीच पाठीवर वाहून नेल्या. त्यांनी तांब्याच्या पत्र्याच्या दोन पेट्या केल्या, मागच्या चाकांपुढं नळ्या सोडल्या, आणि आपल्या बसायच्या जागेजवळ दांडा लावला. मी चालवणार, ते शेजारी बसून दांडा ओढणार.

भाद्रपदात औंढ्याच्या बैलगाडीच्या वाटेवर चाचणी घेतली. लाल चिखल, घोट्याएवढा. चाकं फिरायला लागली, मिस्त्रींनी दांडा ओढला, वाळू पडली, आणि मोटार अशी काही उचलून चढावर गेली की बघायला आलेल्या पोरांनी आरोळी ठोकली. मिस्त्री फळीवर उभेच राहिले. त्यांचा तेवढा आनंदी चेहरा मी शेडमध्ये कधी पाहिला नव्हता. "बघितलं का? वाळू ती वाळूच," म्हणाले.

दिवाळी झाली, भातं निघाली. डोंगराएवढी कामं घरात पडलेली असताना मिस्त्रींनी आणखी एक चाचणी काढली. सोमाटण्यापर्यंत जाऊन यायचं, लांबवर इंजिन तापतं का बघायचं. त्या वर्षी रस्त्याच्या काही तुकड्यांवर नवीन डांबर पडत होतं, सोमाटण्याजवळही एक गुळगुळीत काळा तुकडा झाला होता. तिथं एक वळण आणि हलकासा चढ. मिस्त्रींनी सवयीनं दांडा ओढला. मागचं चाक सरकलं.

फार नाही, वीतभर. डांबर कडक, वाळू कोरडी, आणि रबराचं चाक त्या दाण्यांवरून सटकलं, इतकं साधं होतं. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर वाळू चिरडून धरतं. रबर तसं धरत नाही. हे सगळं मला त्या क्षणी शब्दांत कळलं असं नाही, पण स्टेअरिंगमधून हाताला कळलं. मी मोटार सावरली, बाजूला घेतली, थांबवली.

आमच्या शेडमध्ये एक रीत होती. इंजिनाची चाचणी झाली की मिस्त्री एकच प्रश्न विचारायचे, "बराबर?" आणि ज्याच्या हातात काम असेल त्यानं उत्तर द्यायचं. बरोबर म्हटलं की त्याची जबाबदारी त्याच्यावर, मग मिस्त्री पुन्हा तपासायचे नाहीत. मनात बारीकशी शंका असली तरी नाही म्हणायचं, आणि नाही म्हणणाऱ्यावर मिस्त्री कधीच ओरडायचे नाहीत. ओरडायचे ते बाकी सगळ्यावर. घाटात इंजिनावरही तसंच, एकानं सिग्नल बोलायचा आणि दुसऱ्यानं तोच परत बोलायचा, म्हणजे दोघांनी पाहिला हे पक्कं होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बराबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

का म्हटलं याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा देऊन बघितलंय. मिस्त्रींना वाईट वाटू नये म्हणून, असं एक उत्तर आहे, ते ऐकायला बरं वाटतं. खरं उत्तर तेवढं बरं नाही. पेट्या काढायच्या म्हणजे खालचा सगळा सांगाडा पुन्हा उघडायचा, पुन्हा आठ दिवस पाठीवर झोपायचं. घरी भाताची झोडणी पडली होती, बायको चार दिवस बोलत नव्हती, दुसऱ्या दिवशी पहाटे शेडला हजेरी होती. मी दमलो होतो. मला घरी जायचं होतं. दुसरं काही कारण नाही.

मिस्त्रींनी मागच्या चाकाकडं एकदा वळून पाहिलं, मग म्हणाले, "चल मग."

नाताळात शेठ आले. शर्यतीची रीत साधी ठरली होती. दोन्ही मोटारी एकदम सोडायच्या नाहीत, घाटात बैलगाड्या असतात. एकामागून एक सोडायच्या, खोपोलीला एक माणूस घड्याळ घेऊन, खंडाळ्याला दुसरा, दोघांची घड्याळं आधी जुळवलेली. चिठ्ठीत आमचा नंबर पहिला आला. सकाळचं ऊन पडलं होतं. मिस्त्रींनी कोट घातला होता, शेडमधून निघताना मिळालेला, आणि डोक्याला रुमाल बांधला होता. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. तिनं लाल कापडात बांधलेला खडीसाखरेचा पुडा माझ्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, "ह्यांना सांभाळ रं. ह्यांना तितं कल्याणात करमायचं न्हाई."

खालचा घाट आम्ही असा चढलो की मला अजून खरं वाटत नाही. हलकी मोटार, घासलेलं हेड, उघडी नळी. आवाज डोंगराला आपटून परत यायचा. पहिली दोन वळणं खडीची होती, तिथं मिस्त्री वाळू म्हणाले, मी शेडच्या रीतीनं वाळू असं परत म्हटलं, मग त्यांनी दांडा ओढला, काही बिघडलं नाही. पाणी उकळलं नाही. बैलगाडीवाले बाजूला होत गेले. मिस्त्री शेजारी बसून काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक दुवा. मलाही वाटायला लागलं होतं की जमलं. पत्र्याची शेड, रस्त्याच्या कडेला, बाहेर बाकडं टाकून बसलेले मिस्त्री, हे सगळं मला दिसत होतं.

पुढचं वळण अगदी आवळून घेतलेलं, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कठडा आणि खाली दरी. आणि वळणावर नवीन डांबर, उन्हात चमकणारं. मिस्त्रींनी दांड्याला हात घातला आणि घाटातल्या इंजिनावर ओरडतात तसे ओरडले, "वाळू!"

मला नको म्हणायला वेळ होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोक म्हणतात की सगळं क्षणात झालं. क्षणात झालं नाही. मोटार वळणाला लागायच्या आधी एक शब्द बोलण्याएवढा वेळ नक्की होता. पण जिभेला शेडची सवय. पहिल्या दोन वळणांना जे म्हटलं होतं तेच तोंडातून निघालं.

"वाळू!" मी परत म्हटलं.

त्यांनी दांडा ओढला. मोटारीचा मागचा भाग फिरला आणि कठड्याकडे निघाला. मी स्टेअरिंग उलटं फिरवलं, ब्रेक दाबला, काय काय केलं ते आठवत नाही. मागचं चाक कठड्यावर आपटलं, दोन दगड खाली गेले, मोटार आडवी होऊन थांबली. दार नव्हतं, दारं आम्हीच काढली होती. मिस्त्री बाहेर फेकले गेले नाहीत कारण त्यांनी दांडा सोडला नाही. पण दांडा आणि फळी यांच्यामध्ये त्यांचं उजवं मनगट सापडलं.

थोड्या वेळानं शेठच्या शेजाऱ्याची नवी मोटार आली, आमच्या बाजूनं कशीबशी जागा काढून वर गेली. तिच्यातूनही वाफ निघत होती, पण ती पोचली. मग खंडाळ्याहून शेठ खाली आले. मिस्त्री एका दगडावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. ते उठले आणि शेठना म्हणाले, "वाळूची अक्कल माझी. पोराची चूक न्हाई." मी तिथंच उभा होतो. मी तेव्हाही काही बोललो नाही.

शेठ रागावले नाहीत. पैसेवाल्या माणसाचा राग अशा गोष्टीसाठी नसतो. ते हसले, कठड्यावरून खाली वाकून बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी दरीत जाऊ दिली नाहीस. माझा ड्रायव्हर गावाला चाललाय कायमचा. येतोस का?" मिस्त्री चार हात अंतरावर उभे होते. वर्कशॉपचा विषय कुणी काढला नाही. काढायला उरलं काय होतं?

मी विचार करून सांगतो म्हटलं आणि चार दिवसांनी हो म्हणून कळवलं. शेडमधून आणखी माणसं कमी होणार अशी बोलवा होती. तीन पोरं होती. लोक म्हणाले, नशीब काढलंस. बायको म्हणाली, म्हस आत घेते आता.

मिस्त्रींचं मनगट हाडवैद्यानं बसवलं. ते वाकडंच बसलं. मूठ आवळायची नाही, कानस धरता यायची नाही. पंप दुरुस्तीची, कुलपाची बारीकसारीक कामं यायची तीही बंद झाली. होळीच्या आधी जावई येऊन सामान घेऊन गेला, आणि मागून मिस्त्री आणि मावशी निघाले. मी शेठच्या बंगल्यावरून रजा काढून स्टेशनावर गेलो. दुपारची वेळ होती, गाडीला उशीर होता. मावशी ट्रंकेवर बसली होती, मिस्त्री बाकावर, वाकडा हात कोटाच्या खिशात घातलेला. मी घरून ठरवून आलो होतो. दोन महिने जेवण गोड लागलं नव्हतं. एकदा सांगून टाकू, मग ते थोबाडीत मारोत नाही तर तोंड फिरवोत, असं ठरवलं होतं.

मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "मिस्त्री, सोमाटण्याला मागचं चाक सरकलं होतं. डांबरावर. मला कळलं होतं. मी बरोबर म्हणालो ते खोटं होतं."

मिस्त्रींनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, "सरकलं हुतं?"

"हो. वीतभर."

"खरंच सरकलं हुतं?"

"खरंच. तुम्ही दांडा ओढला तेव्हाच."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. मी शिवीची वाट बघत होतो. ते बाकावरून अर्धे उठले आणि बायकोकडं वळले. "आगं, आयकलंस का? सोमाटण्याला चाक सरकलं हुतं!" आणि मग मला म्हणाले, "मला कळलं हुतं रं. पन तू म्हनलास, बराबर. तू तरणा, चाक तुझ्या हातात. म्या म्हनलं, झालं, आपलं कळणं संपलं आता, नसलेलं भासाया लागलं. घाटात दांडा वढताना बी वाटलं हुतं, नगं. पन आपल्या वाटण्यावर इस्वास न्हाई ऱ्हायला, म्हनून तुला इचारून वढला."

आणि ते हसायला लागले. खरंखुरं, दाढी हलवत. वाकडा हात त्यांनी खिशातून काढला आणि त्याच हातानं माझा दंड धरायचा प्रयत्न केला, तो धरता आला नाही. "म्हंजे माझं बराबर हुतं तर! मला वाटलं म्हातारा झालो."

गाडी आली. मी ट्रंक आत ठेवली आणि खिडकीशी उभा राहिलो. मिस्त्री समोर बसलेल्या कुणा अनोळखी माणसाला सोमाटण्याचं चाक सांगत होते, मावशी मान खाली घालून बसली होती. गाडी सुटेपर्यंत त्यांनी माझ्याकडं दोनदा बघून आनंदानं मान हलवली. मी माफी मागायला गेलो होतो, ती मागायची राहूनच गेली.